बांधावरचा भुंगा

वर्षभर या सदरात मी माणसांवर लिहीत असतो. पाहुणे, पेन्शनर, वधूपिते, भाडेकरू यांपैकी कोणी सुटलेले नाही. दिवाळीत सगळ्या जगाला सुट्टी असते. तशी यांनाही द्यावी म्हणून यंदा एका भुंग्यावर लिहायला बसलो आहे. महालक्ष्म्यांच्या फराळाची गडबड चालू असताना आमच्या सौ.ना हा बेत कळला. सोऱ्या हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "अहो, लोक पैसे देऊन अंक घेतात!" मी म्हटले, भुंग्यातही पैशाचा प्रश्न आहेच, आणि तो आपल्याच घरातला आहे. त्यावर त्या पुढे बोलल्या नाहीत. तो प्रश्न कोणता हे त्यांना ठाऊक होते.

सुरुवात झाली ती कन्येमुळे. गेल्या वर्षी ती अकरावीला होती. एका संध्याकाळी कसलेसे इंग्रजी मासिक घेऊन ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाबा, बंबलबीला मराठीत काय म्हणतात?" वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला असला प्रश्न म्हणजे हलवायाला साखरेचा भाव विचारण्यासारखे. मी पेपरांच्या गठ्ठ्यावरून मान न उचलता सांगितले, "भुंगा."

"मग हा बघा तुमचा भुंगा," असे म्हणून तिने चित्र पुढे धरले. पाहतो तो लोकरीच्या गुंड्यासारखा एक गुबगुबीत जीव, अंगावर दाट लव आणि पोटावर पिवळे पट्टे! आमच्याकडचा भुंगा मी लहानपणापासून पाहिलेला. काळाकुळकुळीत, तुकतुकीत, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि उन्हात पंख झळकले की जांभळी-निळी झाक मारणारा. हा आणि तो एक नव्हेत, हे मराठीच्या प्राध्यापकालाही कळत होते.

दुसऱ्या दिवशी प्राणिशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांना गाठले. ते मोठे गोड गृहस्थ आहेत. समोरच्याचे अज्ञान पाहून त्यांना मनापासून आनंद होतो. ते म्हणाले, "सर, बंबलबी हा थंड मुलखाचा जीव. जगात त्याच्या अडीचशेच्या वर जाती आहेत, पण आपल्या देशात त्या बहुतेक हिमालयाच्या अंगाखांद्यावर. दख्खनच्या पठारावर तुम्हाला एक दिसायचा नाही. आपला भुंगा म्हणजे सुतार. तो लाकूड कोरतो."

लाकूड कोरतो! हे दोन शब्द ऐकले आणि मी थबकलो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, समोर नातलग पाहून अर्जुन विरघळतो तिथे, ज्ञानदेवांनी हीच उपमा दिली आहे. कसलेही वाळके लाकूड भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा तिचा आशय. हा भाग मी किती वर्षे शिकवला! उपमेय कोणते, उपमान कोणते, साधर्म्य कशात, सगळे फळ्यावर लिहून दिले. मुलांनी ते उत्तरपत्रिकेत उतरवले आणि मी त्यांना गुण दिले. पण लाकूड भेदणारा हा भ्रमर कोणता, तो आपल्या घराच्या तुळईत आहे का, हा प्रश्न ना त्यांनी विचारला ना मी. १२९० साली नेवाशाला बसून ज्याने ही ओवी सांगितली त्याने भुंगा डोळ्यांनी पाहिला होता. आम्ही तो फक्त पुस्तकात पाहिला.

असो. कन्येच्या मासिकातला लेख युरोपातल्या शेतांवर होता, आणि तो मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढला. त्या लोकरी माशीचे घर म्हणजे आपल्या जुन्या एकत्र कुटुंबासारखे असते. एक राणी, आणि तिच्या कामकरी लेकी. गंमत अशी की एकाच आईच्या या लेकींत कमालीचा लहानमोठेपणा असतो. एखादी बहीण दुसरीच्या दसपट वजनाची भरते. हे काही जन्मतः ठरलेले नसते. घराच्या मध्यभागी जिची जागा, तिला बालपणी घास जास्त मिळतो आणि ती मोठी होते. कडेला पडलेली लहान राहते. मग मोठ्या बहिणी बाहेर पडून फुले धुंडाळतात आणि लहान बहिणी घरात बाळंतिणीची खोली सांभाळतात. मोठीचे डोळे तीक्ष्ण, वास घेण्याची शक्ती जास्त, आणि थोड्या गारठ्यातही तिला उडता येते.

बरे, बाहेर पडायचे ते किती लांब? तर तेही अंगावर अवलंबून असते. २००७ साली निरनिराळ्या जातींच्या माश्यांची मापे एकत्र मांडून दाखवण्यात आले की जिचे अंग मोठे तिचा पल्ला लांब, आणि अंग थोडे वाढले तर पल्ला त्याहून जास्त वाढतो. हे अंग मोजण्याची रीतही सुटसुटीत आहे. दोन्ही पंखांच्या मुळांमधले पाठीवरचे अंतर घ्यायचे. शिंपी खांद्याचे माप घेतो ना, तसेच.

आता यात शेत कुठे आले? इथेच तर खरी गोम आहे. बालपणीच्या घासावर अंग ठरते आणि घास भोवतालच्या फुलांवर ठरतो. म्हणजे शेजारच्या माणसाने बांधावर काय ठेवले आणि काय उपटले, हे माशीच्या खांद्याच्या मापात उतरते! हॉलंडमधल्या लोकांनी संग्रहालयांत टाचण्या टोचून ठेवलेल्या सुमारे दीडशे वर्षांतल्या रानमाश्या काढून मोजल्या. त्यांचा निष्कर्ष २०१६ साली छापून आला. मोठ्या अंगाच्या जातींतल्या माद्या या काळात लहान लहान होत आल्या होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एका माशीबद्दल तसेच आढळले. मळ्याभोवती रान असेल तर माशी भरदार, सगळीकडे नुसती शेतीच असेल तर बारीक.

हे वाचून मी घाईघाईने अनुमान काढले की शेती म्हणजे माशीचा शत्रू. पण प्रकरण इतके सरळ नाही. जर्मनीत मोहरीच्या कुळातले तेलबियांचे एक पीक मैलोन्मैल पिवळे फुलते. तिथे त्या लोकरी माश्या जास्त दिसतात, हे २००३ साली प्रसिद्ध झाले. मात्र पुढे २००९ साली कळले की या फुलोऱ्यामुळे घर सुरुवातीला भराभर वाढते खरे, पण पुढच्या पिढीच्या राण्या आणि नर त्यामुळे वाढत नाहीत. पीक चार-सहा आठवडे फुलते आणि संपते. लग्नाच्या पंगतीत कितीही जेवलो तरी त्यावर श्रावण निघत नाही, त्यातलाच प्रकार. आणि त्याच जर्मनीतल्या काही शहरांत २०२० साली उलटेच आढळले. शहरातल्या माश्या खेड्यातल्या माश्यांहून मोठ्या! फुलांचे तुकडे एकमेकांपासून लांब पडले की लांब उडू शकणारीच टिकते, असा त्याचा अर्थ लावतात.

ही दोन टोके मला फार दिवस सुटेनात. मग एकदा वर्गावर जाताना जिन्यात उलगडा झाला. अन्न कमी पडले की मूल लहान होते. आणि अन्न लांब गेले की मोठ्याचेच निभते. शहराच्या बागांत अन्न असते पण विखुरलेले, म्हणून मोठ्यांची चलती. पण जिथे अन्न कमीही झाले आणि लांबही गेले, तिथे काय? तिथे लहान अंगाच्या माशीला लांबचा पल्ला झेपत नाही, म्हणून ती थोडे आणते, म्हणून तिची पोरे आणखी लहान. सावकारी कर्ज फेडायला दुसरे सावकारी कर्ज काढणारा माणूस आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

तर हे झाले परदेशाचे. आता मुरुमला येतो. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: रस्त्यावर टाकतात तो मुरूम नव्हे, उमरगा तालुक्यातले आमचे गाव. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर मुरुम मोडला उतरले की आत यावे लागते. पलीकडे कर्नाटक. पूर्वी जिल्हा उस्मानाबाद लिहीत असू, २०२३ पासून धाराशिव लिहितो.)

आमचा भुंगा एकत्र कुटुंबातला नव्हे. त्याची बाई एकटी. वाळक्या खोडात, तुळईत, वाशात नाहीतर बांबूत ती आपल्या जबड्याने बोट जाईल एवढे गोल भोक पाडते. आत वळून लांब बोळ कोरते. भोकाखाली पिवळा भुसा पडलेला दिसला की समजावे, आत सुतारकाम चालू आहे. मग ती फुलांवरून पराग आणि मध आणून त्याचा लाडू वळते, त्यावर एक अंडे घालते, लाकडाच्या भुश्याने भिंत घालून ती खोली बंद करते. पुन्हा दुसरा लाडू, दुसरे अंडे, दुसरी भिंत. अशा सहा-सात खोल्या झाल्या की चाळ पुरी. कीटकांच्या जगात हिचे अंडे सर्वांत मोठ्यांत गणले जाते; शिजलेल्या बासमतीच्या शिताएवढे म्हणा ना. आतल्या अळीला पहिला आणि शेवटचा शिधा म्हणजे तो एक लाडू. लाडू मोठा तर भुंगा मोठा. अंगात वाढ व्हायची ती तेवढ्यावरच. पंख फुटल्यावर पुन्हा वाढ नाही. आणि एकट्या राहणाऱ्या पुष्कळ माश्यांची रीत अशी की लेकीसाठी मोठा लाडू, लेकासाठी लहान. आमच्या सौ.ना हे वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "बघा, शिका जरा!"

आता हा लाडू वळायला मुरुमच्या शिवारात काय होते ते सांगतो. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, वडील चार एकरांत काय काय पेरीत! मूग, उडीद, तीळ, मध्ये तुरीचे पाटे, कडेने अंबाडी, थोडे कारळ. रब्बीत ज्वारी, हरभरा, जवस. आणि ज्वारीच्या चहूबाजूंनी करडईची चार तासे; काट्यामुळे जनावर आत शिरत नसे. तुरीच्या पिवळ्या, लाल रेघांच्या फुलावर भुंगा बसला की त्याच्या वजनाने फूल खाली दबे आणि आतला दांडा वर येऊन त्याच्या पोटाला पराग फाशी. हलकी माशी बसली तर फूल दाद देत नाही. वांग्याच्या फुलाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचा पराग कुपीत बंद, टोकाला बारीक भोक. भुंगा त्याला मिठी मारून पंख न हलवता अंग असे थरथरवतो की पराग चाळणीतून पीठ पडावे तसा गळतो. मधमाशीला ही विद्या येत नाही. वाऱ्यानेही वांग्याचे काम थोडेफार भागते, पण भरताचे मोठे वांगे चुलीवर ठेवताना भुंग्याचे स्मरण करायला हरकत नाही.

शेताबाहेर बांधावर रुई होती. मारुतीला शनिवारी जिच्या पानाफुलांची माळ घालतो तीच. ती बारा महिने फुलते, आणि तिचे ते मेणासारखे फूल भुंग्याच्याच मापाचे घडवलेले आहे. तरवडही होता. नवरात्रात घटाला तरवडाच्या आणि कारळ्याच्या फुलांची माळ लागते. आई सकाळी उठून ती बांधावरून आणी. गेल्या नवरात्रात आमच्या सौ.नी ती बाजारातून विकत आणली, तीही तीन दिवसांनी एकदा मिळाली. सणांचे पंचांग आणि भुंग्याचे पंचांग एकच होते, हे मला त्या माळेच्या भावावरून कळले.

आज शिवारात पावसाळ्याचे पीक म्हणजे सोयाबीन. त्याला मी दोष देत नाही. पैसा देणारे पीक आहे, आणि लातूरची बाजारपेठ जवळ आहे. पण त्याचे फूल एवढेसे, पानाच्या काखेत लपलेले, आणि बहुधा उमलण्याआधीच आपले काम आपण उरकून मोकळे झालेले. त्याला पाहुण्याची गरज नाही आणि पाहुण्याला वाढायला त्याच्याकडे फारसे नाही. ऊस तर फुलायच्या आत तोडायचा. सूर्यफूल एके काळी लातूर-उस्मानाबादेत डोळे दिपवी, ते गेले. करडई, जवस, कारळ गेल्यात जमा. तूर राहिली, आणि ती चांगली राहिली. म्हणजे दिवाळीच्या सुमारास एक मोठी पंगत, आणि पुढेमागे उपास. त्यात बांधावर तणनाशकाची फवारणी.

राहता राहिले घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. किल्लारी, सास्तूर उद्ध्वस्त झाले, सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. तेच अंगावर आले. आमच्या घराची मागची भिंत बसली, माणसे वाचली. पुढे सगळीकडे सिमेंटची घरे झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण माळवदाखालच्या सागाच्या तुळया भुंग्यांचीही घरे होत्या, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. वडिलांनी आमच्या तुळया फेकल्या नाहीत. बैलगाडीने शेतात नेऊन करंजाच्या झाडाखाली, बांधाला लागून, त्यांचा गोठा उभा केला. आज तिथे बैल नाहीत, पण भुंगे आहेत.

आणि आता तो घरचा प्रश्न. आमचे थोरले बंधू, अण्णा, शेत बघतात. मी नोकरीचा माणूस. सातबाऱ्यावर नाव आहे इतकेच. अण्णाच्या मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि फीचा आकडा घरी आला. सोलापूरचा एक लाकडाचा व्यापारी जुन्या सागाला चांगला भाव देतो म्हणून अण्णाने गोठा मोडायचे ठरवले. त्याबरोबर करंज तोडायचा, बांध कोरून सपाट करायचा, म्हणजे ट्रॅक्टर सरळ वळतो आणि चार तासे वाढतात. मला हे कळले ते येळवशीच्या दिवशी.

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: वेळ अमावस्येला गाव ओस पडतो आणि शिवार भरते. कडब्याची कोपी करून आत पांडव मांडतात, पूजा करतात, आणि मग भज्जी, उंडे, आंबिल, खीर. पोटात आंबिल गेले की माणसे खरे बोलू लागतात.

मी मुद्दाम तयारीने गेलो होतो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर उसना आणून, गोठ्याखाली आणि महाविद्यालयाच्या व्हरांड्यात सापडलेले अकरा मेलेले भुंगे मी महिनाभर आगपेट्यांत जमवून मोजले होते. व्हरांड्यातले चांगले भरदार, गोठ्यातले बारीक! युरोपचा सिद्धांत मुरुमला सिद्ध झाला, अशा थाटात मी वही घेऊन प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी आगपेट्या उघडल्या, भिंगातून पाहिले आणि खुर्चीतल्या खुर्चीत हलू लागले. "सर, या दोन निरनिराळ्या जाती आहेत. आणि यातले तीन तर नर आहेत." माझे एका महिन्याचे संशोधन पाच मिनिटांत निकालात निघाले. कन्येने मात्र वही ठेवून घेतली. ती म्हणाली, "चुकलं ते मोजणं नाही बाबा, निवडणं चुकलं."

तेव्हा येळवशीला माझ्याजवळ पुरावा नव्हता, फक्त वाचन होते. जेवणे झाल्यावर मी करंजाखाली उभा राहून तुळईची भोके बघत होतो. अण्णा मागून आला.

"काय बघायलास रे मास्तर?"

मी सांगितले. लाडू, खांद्याचे माप, पल्ला, हॉलंड, सगळे सांगितले. अण्णाने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मला एकच सांग. ह्या भुंग्याबिगर माझी तूर येत न्हाई का?"

आता इथे खोटे बोलता आले असते. अण्णा पडताळा घ्यायला जाणार नव्हता. पण तुरीचे फूल बरेचसे काम स्वतःच करते, हे मी वाचले होते. आमच्याच सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ पासून कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे तुरीचे संकरित वाण निघाले. तसले बियाणे शेतात तयार करायचे तर पराग नसलेल्या झाडांवर पराग आणून टाकायला माश्याच लागतात. पण अण्णा बियाणे करीत नाही, डाळीची तूर करतो. मी म्हटले, "येते. माशी असली तर शेंग जरा बरी भरत असेल, पण येते."

"मग?"

"करडई, कांद्याचं बी, वांगी, भोपळे, यांना लागते ना."

"ते मी करतोय कुठं?" अण्णा म्हणाला. थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग रागाने नव्हे, समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुला पगार हाय. तुझं चुकलं तर पेपरात चुकतंय, माझं चुकलं तर पोराच्या फीमधी चुकतंय. करंजाच्या सावलीनं चार तासं जळत्यात, ती कुणी भरून द्यायची? तुझ्या हॉलंडवाल्यानं?"

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर अजूनही पुरते सुचलेले नाही. मधाच्या पेटीला योजना आहेत. पुण्याला १९६२ पासून मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. ते सगळे उत्तमच आहे. पण भुंगा मध देत नाही, मेण देत नाही, त्याला पेटीत घालून ट्रकने नेता येत नाही. त्याचे काम सगळ्या शिवाराचे आणि त्याच्या घराचे भाडे मात्र एकट्या अण्णाच्या चार तासांतून. बांध दोघांचा असतो, म्हणून तो कोणाचाच नसतो. पलीकडच्या शेजाऱ्याने आपल्या बाजूने तो आधीच हातभर कोरला होता.

परतीच्या वाटेवर मी सौ.ना म्हटले, फीमध्ये आपण काही घालू. त्या म्हणाल्या, घालूच, पण भुंग्यासाठी म्हणून नको. पुतण्यासाठी म्हणून घाला. मला ते पटले. पैसे दिले, अण्णाने कुरकूर न करता घेतले. पण ते पुरण्यासारखे नव्हते आणि व्यापाऱ्याला शब्द गेलेला होता. फेब्रुवारीत गोठा उतरवला.

मी त्या दिवशी मुद्दाम रजा काढून गेलो. व्यापारी एकेक तुळई वाजवून, नखाने खरवडून बघत होता. त्याच्या माणसांनी आठ तुळया टेम्पोत चढवल्या. राहिलेल्या तीन त्याने उलट्यापालट्या केल्या आणि हात झटकले. "ह्या नको. भुंग्यानं पोखरल्यात. आतून पोकळ." अण्णाने घासाघीस केली, निम्म्या भावाला तयार झाला, तो बधला नाही. टेम्पो निघून गेला. अण्णाने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "तुझ्या पाव्हण्यांनी आपला हिस्सा काढून ठेवलाय बघ." त्या तीन तुळया आम्ही दोघांनी ओढत नेऊन करंजाखाली दगडांवर ठेवल्या आणि वर एक जुना पत्रा टाकला. पावसाळ्यात जळणाला होतील, असे अण्णा म्हणाला होता. पावसाळा सरत आला, त्या तिथेच आहेत. करंजाच्या फांद्या त्याने छाटल्या, बुंधा ठेवला. बांधाला तणनाशक मारले, पण फक्त तुरीच्या बाजूने. रुईच्या बाजूला गेला नाही. का, ते मी विचारले नाही.

कन्या आता बारावीला आहे. तिने प्राणिशास्त्राच्या सरांकडून नर-मादी ओळखायला शिकून घेतले आहे, आणि जाती वेगळ्या ठेवायच्या म्हणून आगपेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. तुळयांखाली पडलेले भुंगे रविवारी जाऊन गोळा करायचे आणि तुरीच्या फुलोऱ्याआधीचे व नंतरचे वेगळे मोजायचे, असा तिचा बेत आहे. एका वर्षात काही सिद्ध होणार नाही, हे तिने मला आधीच बजावले आहे.

परवा अण्णाचा फोन आला. म्हणाला, यंदा ज्वारीच्या कडंनं करडईची चार तासं टाकावी म्हणतो, बाजारातून बी घेऊन ठेव. मी काही बोलायच्या आत त्यानेच सांगितले, "जनावरं शिरत्यात म्हणून. तुझ्या भुंग्यासाठी न्हाई." मी बी आणले आहे. फराळाच्या डब्यांजवळ सौ.नी ते ठेवू दिले नाही, म्हणून सध्या पिशवी माझ्या टेबलाखाली, तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर आहे. येत्या रविवारी शेतात पोचवायची आहे.